फुफ्फुसातली एसपी-ए आणि एसपी-डी: ॲलर्जीच्या दम्याला आवर घालणारी (आणि कधी न घालणारी) प्रथिनं

गोडघाशी

पाऊस लागला की इथे मंचावर दम्याचे धागे वर येतात, यंदाही आले. त्यातल्या एकावर दमदार यांनी विचारलं होतं की धूळ, बुरशी, परागकण सगळ्यांच्याच नाकातोंडात जातात, मग दमा सगळ्यांनाच का होत नाही? फुफ्फुसाची स्वतःची काही सोय असते की नाही? उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांवर प्रयोगशाळेत काम केलंय (आयडी त्यावरूनच घेतलाय). त्यामुळे औषध कमी करू का, बंद करू का, असले प्रश्न कृपया मला विचारू नका.

तर, सोय असते. वायुकोशांना आतून एक पातळ ओला थर असतो. तिथे नुसतं पाणी असतं तर पृष्ठताणामुळे श्वास सोडताना कोश मिटून बसले असते. ते टाळायला तिथल्या टाइप-२ पेशी सरफॅक्टंट नावाचं मिश्रण सोडतात. त्यात साधारण ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिनं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचं उत्तर मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली इथेच शोधलं: त्या बाळांच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट पुरेसं तयारच झालेलं नसतं. त्यानंतर बराच काळ सरफॅक्टंट म्हणजे फक्त पृष्ठताण, एवढ्यावरच चर्चा थांबायची.

पण त्यातल्या चार मुख्य प्रथिनांपैकी (एसपी म्हणजे सरफॅक्टंट प्रोटीन) एसपी-बी आणि एसपी-सी हीच दोन पृष्ठताणाच्या कामात मुरलेली आहेत. एसपी-ए आणि एसपी-डी यांची चाल वेगळी. ही मोठी, पाण्यात विरघळणारी, आणि 'कलेक्टिन' कुळातली: शेपटी कोलॅजेनसारखी, डोकं साखर धरणारं. एसपी-डीच्या तीन साखळ्या एकमेकींत पिळून एक त्रिकूट होतं आणि अशी चार त्रिकुटं शेपट्यांनी मधे जोडली जाऊन फुलीचा आकार तयार होतो. म्हणजे एका रेणूला बारा डोकी. एसपी-एमध्ये सहा त्रिकुटं, अठरा डोकी. एकेका डोक्याची पकड तशी कमजोर असते आणि तिला कॅल्शियम लागतं. पण समोर बुरशीच्या किंवा जंतूच्या पृष्ठभागावर साखरेच्या रांगाच असतील तर अनेक डोकी एकदम बसतात आणि मग ती पकड सहजी सुटत नाही.

ॲलर्जीशी संबंध इथून सुरू होतो. ॲलर्जी आणणारे बरेचसे पदार्थ म्हणजे साखर जडवलेली प्रथिनंच असतात. गादीतल्या धूळकिड्यांच्या ॲलर्जन्सना एसपी-ए आणि एसपी-डी चिकटतात हे १९९६ मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या तरुणा मदन, पी. उषा सरमा आणि ऑक्सफर्डची मंडळी यांनी दाखवलं की ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या ॲलर्जन्सनाही ती धरतात. आणि नुसती धरत नाहीत. ॲलर्जन अडकल्यामुळे आयजीई (ॲलर्जी पेटवणारं प्रतिपिंड) त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि रुग्णांच्या रक्तातल्या बेसोफिल पेशींतून सुटणारं हिस्टामिन कमी होतं. म्हणजे शिंका, खाज, आवळलेल्या श्वासनलिका, या सगळ्याच्या आधीच्या पायरीवर अडवणूक.

दुसरी अडवणूक त्याहून आतली. ॲलर्जीत टी पेशींचा एक गट (टीएच-२) इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ हे निरोप्ये रेणू सोडतो. चारमुळे आयजीई वाढतं, पाचमुळे इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जमतात, तेरामुळे कफ. धूळकिड्यांची ॲलर्जी असलेल्या दमेकरी मुलांच्या रक्तपेशी घेऊन केलेल्या १९९८ च्या कामात असं दिसलं की एसपी-ए आणि एसपी-डी घातल्यावर लिम्फोसाइट्सची ॲलर्जनमुळे होणारी वाढच मंदावते.

मग २००१ साली उंदीर. ॲस्परजिलसची ॲलर्जी लावलेल्या उंदरांच्या नाकात एसपी-ए, एसपी-डी किंवा एसपी-डीचा प्रयोगशाळेत बनवलेला छोटा तुकडा सोडला. आयजीई उतरलं, इओसिनोफिल उतरले, इंटरल्युकिन-४ आणि ५ खाली आले, टीएच-२ ला दाबणारं इंटरफेरॉन-गॅमा वर गेलं. मला हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचताना सगळ्यात आवडलं ते तुकड्याचं. सगळी फुली लागत नाही, तीन डोकी आणि थोडीशी मान एवढ्यावरही काम होतं. (नेहमीच होतं असं नाही, त्यावर खाली चर्चा होईलच.)

फुरसतिया

वाखुसा (वाचनखूण साठवली). रात्री नीट वाचतो.

दमदार

गोडघाशी ताई, माझ्या एका ओळीच्या प्रश्नाला एवढं उत्तर! धन्यवाद. आता पुढचा बाळबोध प्रश्न. याचा अर्थ माझ्या फुफ्फुसात हे एसपी-डी कमी आहे असा घ्यायचा का? रक्त तपासून कळतं का? आमच्या इथे लॅबवाले काय वाट्टेल ते पॅकेज विकतात, त्यात हे असेल तर करून टाकतो.

निओ_सिस्टर

नवजात अतिदक्षता विभागात काम करते, त्यामुळे सरफॅक्टंट हा शब्द दिसला की थांबतेच. आमच्याकडे ती छोटीशी बाटली फ्रिजमधून निघते, हातात धरून कोमट करायची, हलक्या हाताने उलटसुलट करायची, खळखळून हलवायची नाही, फेस होतो. दिसायला दुधासारखं. एका मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅमवाली असते तिची १.५ मिलिलिटरची बाटली, म्हणजे १२० मिलिग्रॅम. वजनावर डोस, नळीतून थेट श्वासनलिकेत. आणि मग मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा चढायला लागतो तेव्हा आईबापापेक्षा आम्हालाच जास्त हायसं वाटतं.

एक विचारायचं होतं. आम्ही देतो ते डुकराच्या किंवा गाईच्या फुफ्फुसापासून काढलेलं असतं. मग त्यात तुम्ही म्हणता ते ए आणि डी असतं का?

गोडघाशी

@निओ_सिस्टर, फार नेमकं विचारलंत. नसतं. ते अर्क काढताना सेंद्रिय द्रावकं वापरतात. त्यात स्निग्ध पदार्थांबरोबर बी आणि सी येतात, आणि पाण्यात रमणारी ए आणि डी मागेच राहतात. पृष्ठताणाचं काम होतं, बाळ श्वास घेतं. पण जंतू आणि जळजळ सांभाळणारी दोन्ही त्या बाटलीत नाहीत.

मग अभ्यासाला माणसाचं एसपी-डी आणायचं कुठून? पल्मोनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, त्यात सरफॅक्टंट साफच होत नाही, साठत जातं. उपचार म्हणजे पूर्ण भूल देऊन एक फुफ्फुस यंत्रावर चालू ठेवायचं आणि दुसरं मिठाच्या पाण्याने धुवायचं. लिटरच्या लिटर पाणी आत, बाहेर, छातीवर थापट्या, पुन्हा आत. सुरुवातीला बाहेर येतं ते पांढरं गढूळ असतं, तळाशी साका बसतो, हळूहळू निवळत जातं. रुग्णाच्या दृष्टीने ते टाकाऊ. आमच्या लोकांच्या दृष्टीने खजिना. ते कॅल्शियम घालून माल्टोज जडवलेल्या मण्यांच्या नळीतून सोडायचं. एसपी-डी त्या साखरेला धरून बसतं, बाकी वाहून जातं. मग कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते आणि प्रथिन खाली उतरतं. लेक्टिनवाल्यांचा (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांवर काम करणाऱ्यांचा) हा नळीपाशी बसण्याचा धंदा कंटाळवाणा आहे, पण कॅल्शियम गेल्यावर यंत्रावरची रेघ अशी सुळकन वर चढते ना, तेव्हा बरं वाटतं.

@दमदार, करू नका. दोन कारणं.

एक म्हणजे रक्तातलं एसपी-डी आणि फुफ्फुसातलं एसपी-डी एकाच दिशेने चालत नाही. रक्तात ते वाढलेलं दिसलं तर बहुधा याचा अर्थ फुफ्फुसाचं अस्तर गळतंय, आतलं बाहेर येतंय. जपानमध्ये फुफ्फुसं आक्रसण्याच्या आजारांत ते खूण म्हणून तपासतात ते याचसाठी. तीव्र दमा असलेल्या प्रौढांच्या फुफ्फुसांच्या धुवणात एसपी-डी कमी आणि रक्तात जास्त, असं सापडलंय. रक्ताचा आकडा बघून 'भरपूर आहे' म्हणाल आणि फसाल.

दुसरं म्हणजे आकड्यात फार काही नसतं, रेणू अखंड आहे की मोडका यावर बरंच अवलंबून आहे. २००३ मध्ये डेन्व्हरच्या गटाने दाखवलं ते मला या विषयातलं सगळ्यात डोकेबाज काम वाटतं. डोकी मोकळी असतील तर ती आपल्याच पेशींवरच्या एसआयआरपी-अल्फा या ग्राहीला टेकतात आणि 'शांत राहा' असा निरोप जातो. डोकी जंतूत किंवा मेलेल्या पेशीच्या तुकड्यात गुंतली असतील तर शेपट्या मोकळ्या सुटतात, त्या कॅलरेटिक्युलिन आणि सीडी-९१ या जोडीला लागतात आणि निरोप उलटा जातो: 'उठा, कामाला लागा.' तोच रेणू. कुठलं टोक मोकळं आहे यावर ठरतं. पुढे २००८ मध्ये हेही कळलं की जळजळ चालू असताना तयार होणारं नायट्रिक ऑक्साइड शेपटीतल्या गंधकाच्या जोडण्यांना लागतं, फुली मोडते, त्रिकुटं सुटी होतात आणि ती जळजळ वाढवायला लागतात.

वैद्यकाका

माहिती उत्तम. थोडक्यात सांगायचं तर शरीराची प्रतिकारशक्ती वाढवली की दमा आटोक्यात. आमच्या आज्या हेच सांगत होत्या. गुळवेल, तुळस, अडुळसा यांनी ही प्रथिनं वाढतात का, यावर कोणी काम केलं आहे का?

गोडघाशी

काका, अडुळशावर माझा राग नाही, पण 'वाढवली की आटोक्यात' हे इथे लागू पडत नाही. ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणं नव्हे. ती नको तिथे, नको त्यावर चालून जाते.

आणि 'ही प्रथिनं वाढवा' हेही सरळ नाही. २००१ चा प्रयोग ज्या गटाने केला त्यांचाच २००५ चा पुढचा शोधनिबंध बघा. यावेळी जन्मतःच एसपी-ए नसलेले आणि एसपी-डी नसलेले उंदीर घेतले. दोन्ही प्रकारांत काहीही न करता इओसिनोफिल आधीच चढलेले. एसपी-डी नसलेले बुरशीच्या ॲलर्जीला जास्त बळी पडले, बाहेरून एसपी-डी दिल्यावर सावरले. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण एसपी-ए नसलेल्या, ॲलर्जी लावलेल्या उंदरांना एसपी-ए दिलं तर इंटरल्युकिन-५ आणि १३ कित्येक पटींनी वाढले, इओसिनोफिल वाढले, फुफ्फुसाची हानी वाढली. आपण ज्याला औषध म्हणतोय तेच त्या उंदरांत जळतावर तेल ठरलं.

म्हणून 'नैसर्गिक आहे, जास्त झालं तर काय बिघडतं' हा युक्तिवाद मला या बाबतीत मुळीच पटत नाही.

शरीर स्वतः मात्र हे करतं. इंटरल्युकिन-४ वाढलं की फुफ्फुसाच्या पेशी एसपी-डी जास्त बनवतात, असं २००४ मध्ये दिसलंय. म्हणजे ॲलर्जी भडकली की तिला आवरणारंही वाढतं. सौम्य दम्यात हे जमत असावं आणि तीव्र दम्यात ते मोडून, गळून जाऊन तोकडं पडत असावं, असं माझं वाचन आहे. 'असावं' वर जोर.

तिरकस

उंदरांचा दमा बरा करण्यात शास्त्रज्ञांचा हात कोणी धरू शकत नाही. पंचवीस वर्षं झाली २००१ ला. माणसासाठी काय आलं? दम्याची जी नवी इंजेक्शनं आलीत ती तर वेगळ्याच रेणूंवर आहेत.

गोडघाशी

टोमणा रास्त आहे. दम्यासाठी एसपी-डीचं औषध आजही दुकानात नाही. मधल्या काळात आयजीई अडवणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये आलं, मग इंटरल्युकिन-५ वरची आली, ४ आणि १३ वरचं आलं. आणि २०२१ च्या डिसेंबरात टेझेपेलुमॅब. हे शेवटचं या धाग्याशी नातं सांगणारं आहे, कारण ते ज्या टीएसएलपी नावाच्या, धोक्याची हाक देणाऱ्या रेणूला अडवतं तो फुफ्फुसाच्या अस्तराच्या पेशीच सोडतात. म्हणजे तेच अस्तर आवरणारी प्रथिनं बनवतं आणि हाकाटी करणारीही. औषध कंपन्यांना हाकाटी बंद करणं जास्त सोपं गेलं: एक रेणू, एक प्रतिपिंड, महिन्याला एक सुई. बारा डोक्यांची फुली कारखान्यात अखंड बनवायची, ती फवाऱ्यातून न मोडता खाली पोचवायची आणि जळजळीच्या जागी ती टिकवायची, हे तिन्ही अवघड. लहान तुकडा बनवणं सोपं, पण त्याला शेपटी नाही, म्हणून तो अख्ख्या रेणूचं सगळं काम करेल असं नाही.

माणसांतलं म्हणाल तर धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसांच्या धुवणात ए आणि डी दोन्ही कमी सापडतात, हे आधीपासून माहीत आहे. भारतीय रुग्णांत एसपी-ए-२ च्या जनुकातले काही बदल आणि बुरशीचा ॲलर्जिक आजार (एबीपीए) यांचा संबंध २००३ मध्ये दिसला.

अवांतर: तरुणा मदन नंतर मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत होत्या. प्रजननाच्या संस्थेत फुफ्फुसाचं प्रथिन कशाला, तर एसपी-डी फुफ्फुसापुरतं नाहीच. प्रजनन मार्गातही सापडतं.

सदाशिव_नव्हे_शिवाजीनगर

एबीपीए शब्द वाचला म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना दमा जुना. एक्स-रेत डाग दिसले, थुंकीत टीबीचे जंतू नव्हते, तरी टीबीची औषधं सुरू झाली. पूर्ण कोर्स झाला, डाग गेले नाहीत, पुन्हा तोच कोर्स. खोकल्यातून तपकिरी, चिवट, गुंडाळीसारखे तुकडे पडायचे, ते आम्ही डॉक्टरांना दाखवायचं कधी सुचलंच नाही, घाण वाटायची. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एकूण आयजीई तपासलं, ते हजारांत. मग ॲस्परजिलसची तपासणी, सीटी, आणि निदान. स्टिरॉइड आणि इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाने उतार पडला. ज्यांच्या घरी 'दमा अधिक परत परत टीबी' असं चाललंय त्यांनी एकदा तरी विचारा.

दमदार

बाप रे. आयजीई किती असेल तर शंका घ्यायची?

निओ_सिस्टर

पूर्वी १००० च्या वर धरत. २०२४ च्या सुधारित निकषांत ५०० केलंय. पण नुसत्या त्या आकड्यावर नाही हं, ॲस्परजिलसचं विशिष्ट आयजीई हवंच, बाकी गोष्टीही बघतात. छातीच्या डॉक्टरांकडे जा, आमच्याकडे एक किलोचे पेशंट असतात.

ऊसकरी

कोल्हापूरकर. आमच्यात गोठ्यात लोळून मोठ्या झालेल्या पोरांना दमा नाही आणि पुण्यात फ्लॅटात वाढलेल्या भाच्याला पंप. हे काय गौडबंगाल आहे, या प्रथिनांचंच का?

गोडघाशी

वेगळ्या प्रथिनाचं, पण त्याच अस्तराच्या पेशींतलं. बेल्जियमच्या गेंट इथल्या गटाने २०१५ मध्ये उंदरांना आधी गोठ्याची धूळ किंवा जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन थोडं थोडं हुंगवलं आणि मग धूळकिड्यांचा मारा केला. ॲलर्जी झाली नाही. कारण ए-२० नावाचं प्रथिन. ते पेशीच्या आत राहून धोक्याचा निरोप पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे अस्तर हाकाटीच करत नाही. फुफ्फुसाच्या अस्तरातून ए-२० काढून टाकलं तर गोठ्याच्या धुळीचं संरक्षणही गेलं. सगळ्या गोठ्यांत, सगळ्या पोरांत असंच होतं असं मात्र धरू नका, घरात विडी-चूल असेल तर गणित बदलतं.

ऊसकरी

मग भाच्याला सुट्टीत कारखान्यावर घेऊन जातो, बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगावर खेळू दे 😀

गोडघाशी

अजिबात नको! साठवलेल्या, बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने बगॅसोसिस होतो. त्यातल्या उष्णता आवडणाऱ्या ॲक्टिनोमायसिट जंतूंमुळे. तो आयजीईवाला दमा नव्हे, वेगळी यंत्रणा, आणि चालू राहिला तर फुफ्फुसात कायमचे व्रण. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होतो तो याच जातीचा.

तिरकस

कबुतरं आली! आता दादरचा कबुतरखाना निघणार आणि धागा दोनशेवर जाणार.

निओ_सिस्टर

त्याआधी माझा राहिलेला प्रश्न. बाटलीत डी नसतं म्हणालात. मग कोणी घालून बघितलं नाही का?

गोडघाशी

बघितलंय. प्रयोगशाळेत बनवलेलं अख्खं मानवी एसपी-डी, झेल्पुल्टाइड अल्फा या नावाचं. फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वासनलिकेतून द्यायचं, व्हेंटिलेटरमुळे फुफ्फुसाला होणारी कायमची हानी टळते का ते बघायला. ॲलर्जीसाठी नाही, पण माणसाच्या श्वासमार्गात एसपी-डी औषध म्हणून पोचलंय ते तुमच्या विभागाच्या वाटेने. त्यावर लिहायचं तर तुम्हीच लिहा ना, नळीतून देणं, बाटली, डोस, सगळं तुम्हाला माहीत आहे. मी रेणूचं सांभाळते.

कबुतरांवर आधीचा धागा उघडा आहे, कृपया तिकडे.

फुरसतिया

वाचून झालं. @निओ_सिस्टर, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).